सणापुरती नोकरी

अमेरिकेतल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरांमध्ये ऑक्टोबर उजाडला की जादा माणसे कामावर येऊ लागतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला त्यांतली बहुतेक पुन्हा घरी जातात. कपडे, बूट, अत्तरे, दागिने, भांडी, चादरी, खेळणी असा सगळा माल एका छपराखाली विभागवार मांडणाऱ्या या दुकानांचे वर्षाचे गणित थँक्सगिव्हिंग ते नाताळ या चार-पाच आठवड्यांवर बरेचसे ठरते. 'नॅशनल रिटेल फेडरेशन' या व्यापारी संघटनेच्या हिशेबाने २०२४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतली किरकोळ विक्री सुमारे ९९४ अब्ज डॉलरपर्यंत गेली. या विक्रीसाठी देशभरातल्या दुकानांनी सुमारे ४ लाख ४२ हजार हंगामी माणसे घेतली होती.

नाताळ आणि मोठे दुकान यांची सांगड दीडशे वर्षांपूर्वीची आहे. रोलँड मेसी यांनी १८५८ साली न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अव्हेन्यूवर दुकान थाटले. १८६७ साली नाताळाच्या आदल्या रात्री त्यांनी ते मध्यरात्रीपर्यंत उघडे ठेवले आणि एका दिवसात ६ हजार डॉलरांचा गल्ला जमवला. त्या काळात हा विक्रम होता. पुढे १९०२ साली 'मेसीज' हे त्यांचे दुकान हेराल्ड स्क्वेअरच्या भव्य इमारतीत गेले. १९२४पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी या दुकानाची मिरवणूक निघू लागली. पहिल्या मिरवणुकीत दुकानातलेच कर्मचारी सोंगे घेऊन चालले होते आणि शेवटी सांताक्लॉज दुकानाच्या दारी उतरला. सणाची सुरुवात दुकानाच्या दारात होते, हे तेव्हापासून अमेरिकन माणसाच्या अंगवळणी पडले.

ही सुरुवात नेमकी कधी व्हावी, यातही दुकानदारांचा हात आहे. थँक्सगिव्हिंग पूर्वी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येई. १९३९ साली तो गुरुवार ३० तारखेला पडत होता, म्हणजे नाताळाच्या खरेदीला जेमतेम साडेतीन आठवडे उरत होते. फेडरेटेड डिपार्टमेंट स्टोअर्सचे फ्रेड लॅझारस आणि इतर व्यापाऱ्यांनी गळ घातली, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. निम्म्या राज्यांनी ते मानले, निम्म्यांनी नाही. दोन वर्षे हा घोळ चालला. शेवटी १९४१ साली संसदेने कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का केला. राष्ट्रीय सणाची तारीख विक्रीचे दिवस मोजून हलवली जाऊ शकते, इतका हा हंगाम दुकानांना मोलाचा होता.

या गर्दीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न तितकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानातले नाताळचे काम मुख्यतः तरुण मुलींवर आणि लहान मुलांवर असे. काउंटरवरून पैसे आणि पुडकी घेऊन कॅशियरकडे धावणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत दुकानात असत. न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली दुकानांतल्या मुलांसाठी आणि २१ वर्षांखालच्या स्त्रियांसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली, पण १५ डिसेंबर ते १ जानेवारी हे दिवस त्यातून वगळले. संरक्षणाची सर्वांत जास्त गरज ज्या पंधरवड्यात होती, नेमका तोच मोकळा सोडला गेला. 'नॅशनल कन्झ्युमर्स लीग'च्या फ्लॉरेन्स केली यांनी हे चव्हाट्यावर आणले. नाताळाची खरेदी लवकर उरका, म्हणजे शेवटच्या दिवसांत विक्रेत्या मुलींचा आणि सामान पोचवणाऱ्या पोरांचा जीव मेटाकुटीला येणार नाही, असे आवाहन ही संघटना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्राहकांना करत असे. लवकर खरेदी करण्याचा आजचा जाहिरातींतला आग्रह सवलतींसाठी असतो, पण त्याची एक मुळी कामगारांच्या कळवळ्यात आहे.

आजची भरती सप्टेंबरात जाहीर होते. अर्ज मोबाइलवरून भरता येतो, मुलाखत दहा-पंधरा मिनिटांची, कधी तीही नसते. अनुभवापेक्षा वेळेबद्दल जास्त विचारले जाते. शुक्रवारी रात्री येता येईल का? शनिवार-रविवार? थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी? २६ डिसेंबरला? या दिवसांत रजा मिळणार नाही, हे बहुतेक ठिकाणी आधीच सांगितलेले असते. येणाऱ्यांत कॉलेजचे विद्यार्थी असतात, निवृत्त माणसे असतात, दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी जादा चार पैसे मिळवू पाहणारे आईबाप असतात, आणि कायम नोकरीत शिरायला ही एक वाट आहे असे मानणारेही असतात.

कामावर घेतल्यापासून तीन कामकाजी दिवसांत मालकाने कामगाराची ओळख आणि त्याचा काम करण्याचा अधिकार कागदपत्रांवरून तपासून 'आय-नाइन' हा सरकारी फॉर्म पुरा करायचा असतो. पुणे, नाशिक, नागपूरहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींची वाट इथेच अडते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पहिल्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठाच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही. आवारातले काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते. पुढच्या काळात बाहेर जे प्रशिक्षणाचे काम मिळते ते अभ्यासविषयाशी जोडलेले असावे लागते, आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्याने स्वेटर विकणे त्यात बसत नाही. नाताळाच्या दिवसांत समोरच्या मॉलमध्ये 'माणसे हवीत' असा फलक पाहून कोणाला मोह झाला, तरी परवानगीशिवाय केलेले काम व्हिसाचा दर्जाच घालवू शकते. हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवे. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या जोडीदाराची गोष्ट वेगळी आहे. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला ठराविक टप्पा मंजूर झाला असेल, तर मे २०१५पासून एच-४वरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो, आणि तो हातात असेल तर दुकानातल्या नोकरीला कायद्याची आडकाठी राहत नाही.

प्रशिक्षण थोडक्यात आटोपते. गल्ल्याचे यंत्र, परत आलेला माल कसा घ्यायचा, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडायचे, चोरीचा संशय आला तर काय करायचे नाही, एवढे झाले की नवा माणूस एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या मागे उभा राहून शिकतो. खरे शिक्षण हेच, आणि ते देणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत.

गिऱ्हाइकाला दिसते ती विक्री, पण कामाचा मोठा भाग आवराआवरीचा असतो. दुकानातल्या भाषेत त्याला 'रिकव्हरी' म्हणतात. स्वेटरचे टेबल उदाहरणादाखल घ्यावे. सकाळी त्यावर रंगवार ठोकळे लावलेले असतात, लहान माप वर, मोठे तळाशी, प्रत्येक घडीची रुंदी सारखी. ही रुंदी साधायला प्लास्टिकची एक फळी असते. स्वेटर पालथा घालून ती पाठीवर ठेवायची, दोन्ही बाजू आणि बाह्या तिच्यावर दुमडायच्या, खालचा भाग वर आणायचा, फळी ओढून काढायची आणि घडी उलटायची. हात बसला की एका घडीला काही सेकंद लागतात. दुपारी गर्दी झाली की तळातले मोठे माप ओढण्यासाठी गिऱ्हाईक अख्खा ठोकळा उपसते, आणि असे दिवसभर चालते. हँगरवरच्या कपड्यांचेही तेच. सगळे आकडे एकाच दिशेला, मापे क्रमाने, वरचे बटण लावलेले. ट्रायल रूममधून उलटेसुलटे, बाह्या आत गेलेले कपडे गाडीभर बाहेर येतात. ते सुलटे करून, मूळ जागा शोधून लावावे लागतात. दुकान रात्री दहा-अकराला बंद झाले तरी हे काम संपलेले नसते, आणि हंगामात बंद होण्याची वेळच मध्यरात्रीकडे सरकते.

गल्ल्यावरचा माणूस एकाच वेळी चार-पाच गोष्टी सांभाळतो. मालावरचा पट्टी-कोड स्कॅन करायचा, कूपन लागते का पाहायचे, चोरी रोखायला लावलेली टणक बिल्ली चुंबकाच्या खाचेत धरून काढायची, किंमत न दाखवणारी वेगळी भेट-पावती द्यायची, काचेच्या वस्तू कागदात गुंडाळायच्या. घाईत एखादी बिल्ली राहिली तर दारातला भोंगा वाजतो आणि पैसे भरून निघालेल्या सभ्य माणसाकडे सगळे चोर म्हणून पाहतात. समोर वीस माणसांची रांग, त्यात रडणारे मूल, सवलतीचा कागद घरी विसरलेली आजी. या गर्दीत आवाज न चढवता हिशेब बरोबर ठेवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्याला बिनकौशल्याचे म्हणणाऱ्यांनी ते एकदा जवळून पाहावे.

याच गल्ल्यावर आणखी एक अपेक्षा असते, दुकानाचे क्रेडिट कार्ड खपवण्याची. आज कार्ड घेतले तर आजच्या खरेदीवर इतके टक्के सूट, असे प्रत्येकाला विचारायचे असते, आणि कोणी किती कार्डे खपवली याची नोंद ठेवली जाते. दुकानांना या कार्डांतून चांगले उत्पन्न मिळते, कारण त्यांचा व्याजदर वर्षाला अनेकदा ३० टक्क्यांच्या वर असतो. सणाच्या खर्चाने आधीच ओढाताण झालेल्या माणसाला असे कर्ज सुचवायचे आणि सुचवणारा स्वतः तासाच्या पगारावर राबणारा, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करते.

सगळे काम उभ्याने. आठ तास टणक फरशीवर उभे राहिल्याने पहिल्या आठवड्यात टाचा आणि पोटऱ्या बोलू लागतात. विक्रेत्या स्त्रियांसाठी दुकानात बसायची सोय असावी, असे कायदे अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केले, पण स्टूल असणे आणि त्यावर बसता येणे यांत अंतर राहिले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्या त्या ठिकाणचे काम बसून होण्याजोगे असेल तर तिथे आसन द्यावे, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

हंगामी नोकरीतली सर्वांत अवघड गोष्ट मात्र शारीरिक कष्ट नाही. ती आहे तासांची अनिश्चितता. वेळापत्रक बहुधा संगणकावर बनते. मागच्या वर्षी त्या दिवशी कोणत्या तासाला किती विक्री झाली, यंदा किती माणसे येतील, यावरून किती हात लागतील हे ठरते. दुकान माणूस ठेवत नाही, तास विकत घेते. गर्दीच्या आठवड्यात ३५ तास मिळालेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात १२ मिळू शकतात. बर्फ पडून गिऱ्हाइके आली नाहीत तर शिफ्ट अर्ध्यावर संपवून घरी पाठवले जाते. घरभाडे मात्र ठरलेलेच असते, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला आधी सांगावे लागते. काही साखळ्यांत तर 'ऑन-कॉल' पद्धत होती. कामावर यायचे की नाही हे काही तास आधी फोन करून विचारायचे. दुकानाने नाही म्हटले तर दिवसही गेला आणि पैसेही. २०१५ साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी १३ मोठ्या साखळ्यांना याबद्दल पत्रे धाडली, तेव्हा अनेकींनी ही पद्धत सोडली. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ साली याविषयी कायदा केला होता. २०१७ साली न्यूयॉर्क शहराने आणि ओरेगन राज्याने केले. न्यूयॉर्क शहराच्या नियमाप्रमाणे मोठ्या दुकानाने किमान ७२ तास आधी वेळापत्रक द्यायचे आणि ऑन-कॉल शिफ्ट लावायची नाही. देशाच्या फार मोठ्या भागात असे कायदे आजही नाहीत.

पगार राज्याराज्यांत वेगळा. केंद्रीय किमान वेतन जुलै २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबले आहे. न्यूयॉर्क शहरात ते २०२५ साली १६.५० डॉलर होते. आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट पैसे मिळतात, आणि हंगामी कामगारालाही हा हक्क आहे. सणाच्या दिवशी काम केले म्हणून जादा पैसे देण्याची सक्ती मात्र केंद्रीय कायद्यात नाही. काही दुकाने ते स्वखुशीने देतात. आरोग्यविमा, पगारी रजा या गोष्टी अल्पमुदतीच्या माणसाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. त्याला मिळणारी एक सोय म्हणजे दुकानातल्या मालावरची सवलत, आणि घरच्या भेटवस्तू त्यात घेतल्या की कमाईतला काही भाग त्याच गल्ल्यात परत जातो.

हंगामाचा कळस थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, 'ब्लॅक फ्रायडे'ला येतो. या दिवशी तोट्याची लाल शाई जाऊन नफ्याची काळी शाई सुरू होते, अशी त्याची गोड व्युत्पत्ती सांगितली जाते. ती मागाहून जोडलेली आहे. फिलाडेल्फियाचे पोलीस १९५०-६०च्या दशकांत वाहतुकीच्या कोंडीला आणि गर्दीला कंटाळून त्या दिवसाला काळा शुक्रवार म्हणत. २०१०नंतर चढाओढ वाढली आणि दुकाने गुरुवारी संध्याकाळीच उघडू लागली. मेसीजने २०१३ साली प्रथमच थँक्सगिव्हिंगच्या रात्री आठला दारे उघडली. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत जुन्या कायद्यांमुळे मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडता येत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांना घरच्यांबरोबर जेवण मिळाले, बाकीच्यांना कामावर पळावे लागले. २०२०च्या साथीत दुकाने त्या गुरुवारी पुन्हा बंद राहिली आणि बहुतेक मोठ्या साखळ्यांनी ते पुढेही पाळले.

या चढाओढीची किंमत त्याआधीच एका हंगामी कामगाराने जिवाने मोजली होती. २८ नोव्हेंबर २००८ला पहाटे न्यूयॉर्कजवळच्या व्हॅली स्ट्रीम इथल्या वॉलमार्टच्या दारावर सुमारे दोन हजारांची गर्दी जमली होती. दार मोडून लोंढा आत शिरला आणि त्याखाली सापडून ३४ वर्षांचा एक कामगार मरण पावला. तो एजन्सीमार्फत हंगामापुरता आलेला होता, आणि गर्दी आवरण्याचे शिक्षण नसलेल्या माणसांना दारापाशी उभे केले होते. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने कंपनीला ७ हजार डॉलर दंड लावला. या अपघातानंतर त्या संस्थेने दुकानांसाठी गर्दी-नियोजनाच्या सूचना काढल्या. रांगेसाठी कठडे दारापासून दूरवर सुरू करावेत, प्रशिक्षित सुरक्षारक्षक असावेत, आपत्कालीन दारे मोकळी ठेवावीत, अशा त्या सूचना आहेत. त्या सक्तीच्या नाहीत.

नाताळ झाला तरी काम संपत नाही. २६ डिसेंबरला मालाचा ओघ उलटा फिरतो. माप चुकलेले सदरे, दोनदा आलेली खेळणी, न आवडलेली अत्तरे घेऊन लोक रांगेत उभे राहतात. प्रत्येक वस्तू तपासायची, पैसे परत करायचे, वस्तू पुन्हा विकण्याजोगी असेल तर नवी पट्टी लावून मांडायची, नाहीतर बाजूला काढायची. बहुतेक अमेरिकन दुकानांचे आर्थिक वर्ष डिसेंबरअखेर न संपता जानेवारीच्या अखेरीस संपते, त्याचे एक कारण हेच. सणाची विक्री आणि तिचा परतावा एकाच वर्षाच्या हिशेबात यावा लागतो.

मग वेळापत्रकातले तास कमी होत जातात आणि एका आठवड्यात नावापुढे काहीच नसते. काहींना कायम ठेवतात. वक्तशीर, शिफ्ट न चुकवणारे, दुसऱ्यांच्या जागी यायला तयार असलेले लोक त्यात पुढे असतात. पण आधी तसा शब्द दिला असला तरी जागा किती उरतील हे विक्रीवर ठरते. एमिल झोला यांनी १८८३च्या 'ओ बोनर दे दाम' या कादंबरीत पॅरिसच्या अशाच दुकानातली मंदीच्या दिवसांतली कपात रंगवली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही चक्र तेच आहे, फरक इतकाच की आता ते भरतीच्या दिवशीच जाहीर असते. बेकारभत्ता मागायचा तर आधीच्या काळात ठराविक कमाई झालेली असावी लागते, आणि दहा आठवड्यांच्या पगारात ती अनेकदा पुरी होत नाही. सरकारी आकडेवारीतही ही माणसे सहज दिसत नाहीत. दर डिसेंबरला वाढणारा आणि जानेवारीला घटणारा रोजगार ठराविकच असतो म्हणून कामगार सांख्यिकी विभाग आकड्यांतून तो वजा करतो. अर्थव्यवस्थेची चाल कळायला ते आवश्यक आहे, पण त्यामुळे जानेवारीत हजारो घरांतला थांबलेला पगार ठळक मथळ्यात येत नाही.

हे काम आता आकसते आहे. मेसीजने २०१४च्या हंगामासाठी सुमारे ८६ हजार माणसे घ्यायची ठरवली होती. २०२२ साली हा आकडा ४१ हजारांवर आणि २०२४ साली ३१,५००वर आला. सिअर्सने २०१८ साली आणि जेसी पेनीने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला. मेसीजनेही २०२४च्या सुरुवातीला सुमारे १५० दुकाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. त्याच २०२४च्या हंगामासाठी ॲमेझॉनने पूर्णवेळ, अर्धवेळ आणि हंगामी मिळून अडीच लाख माणसे घेण्याची घोषणा केली. ही माणसे गोदामांत आणि वाहतुकीत लागतात. तिथे गिऱ्हाईक समोर नसते, पगार अनेकदा दुकानापेक्षा बरा असतो, आणि कामाचा वेग यंत्र मोजते.

उरलेल्या डिपार्टमेंट स्टोअरांतही हंगामी नोकरीचे रूप पालटले आहे. संकेतस्थळावर आलेली मागणी जवळच्या दुकानातून पुरवतात, त्यामुळे बरेच हंगामी कामगार हातात स्कॅनर घेऊन गिऱ्हाइकांच्या गर्दीतूनच माल गोळा करत फिरतात, मागच्या खोलीत खोकी भरतात आणि दारापाशी गाडीत बसून थांबलेल्या माणसाला पिशवी नेऊन देतात. संगणक सांगतो की निळा स्वेटर, मध्यम माप, एक नग शिल्लक आहे. तो टेबलावरच्या ढिगात असेल, ट्रायल रूमच्या गाडीत असेल किंवा कोणाच्या तरी हातात असेल. तो शोधायला माणूसच लागतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपुरता त्यासाठी दुकानांना तो अजून नव्याने घ्यावा लागतो.